गुडघ्यात बांगड्या भरणाऱ्या काकी

"सैल सोड गं, सैल! दगड करून बसलीस तर मी काय छिन्नी आणू?"

काकी हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणायच्या. अर्ध्या वेळा कुणाच्या तरी हाताला, अर्ध्या वेळा कुणाच्या तरी गुडघ्याला. हाताचं तुम्हाला कळेल, कारण इंदूरच्या मल्हारगंजात काकींचं बांगड्यांचं दुकान होतं. गुडघ्याचं मात्र नीट सांगावं लागेल.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची जिम. अकरा ते एक बायकांची बॅच. मी तुकोगंजात एका डोळ्यांच्या दवाखान्यात दुपारी तीनपासून रिसेप्शनला बसते. बसते म्हणजे बसतेच, नऊपर्यंत हलत नाही. व्हायचं तेच झालं. पाच वर्षांपूर्वी नणंदेकडे सत्यनारायणाला पंगतीत जमिनीवर बसले आणि उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उठवलं. एक जण हसली. कोण ते मला माहीत आहे, पण जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मी जिम लावली.

सुरुवातीला रिकामा रॉड. मग पाच किलो, मग दहा. दोन वर्षांत सत्तर किलो खांद्यावर घेऊन खाली बसायला आणि उठायला लागले. स्क्वॉट म्हणतात त्याला. मग डोक्यात भरलं की राज्याच्या स्पर्धेत उतरायचं आणि नव्वद किलो घेऊन उठायचं. नव्वदच का? आमच्या ह्यांचं वजन अठ्ठ्याऐंशी आहे म्हणून. आणि उठायचं ते कुणाचा हात न धरता, चारचौघांसमोर.

एवढं वजन घ्यायचं तर गुडघ्याला नी-स्लीव्ह लागते. मेडिकलच्या दुकानात आजोबांसाठी मिळते ती पातळ कॅप वेगळी. ही सात मिलिमीटर जाडीची, रबरासारख्या कापडाची नळी असते. गुडघा गरम ठेवते, आवळून धरते, खालून उठताना जरा टेकू देते. जितकी घट्ट तितकी चांगली, असं मी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं आणि तक्त्यात माझं माप लार्ज येत असताना मीडियम मागवली. इंदूरची बाई आहे मी, सांगितलेलं ऐकायची सवय नाही.

पहिल्याच दिवशी ती पोटरीवर अडकली. वर जाईना, खाली येईना. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून, घामाघूम होऊन ओढत होते आणि तोंडाने जे निघत होतं ते इथे लिहिता येणार नाही. समोरच्या गादीवरून काकींनी मान वाकडी करून पाहिलं.

"काय अडकलं?"

"काही नाही हो काकी."

"काही नाही तर पाय निळा का पडतोय?"

त्या उठल्या. अडकलेली स्लीव्ह गुंडाळत पायातून काढली, सकाळी सेव आणलेली प्लास्टिकची पन्नी झटकून रिकामी केली, माझ्या पावलावर चढवली आणि पोटरीपर्यंत ओढली. मग सरळ पायरीवर बसून माझा पाय मांडीवर घेतला. मी ओरडले, "अहो काकी, पाय काय घेता मांडीवर! मोठ्या तुम्ही!"

"पाय कोण घेतंय? मी माप घेतेय. सैल सोड."

घट्ट बांगडी भरताना हाताला बांगडीवाल्या पन्नी लावतात ना, तस्संच. अंगठ्यानं मांस एका बाजूला दाबायचं, स्लीव्ह दुसऱ्या बाजूने सरकवायची, मग बाजू बदलायची. दोन मिनिटांत स्लीव्ह गुडघ्यावर. मग पन्नी पंजाकडून ओढून काढली, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि दुकानात गिऱ्हाईक आलं होतं तिकडे निघून गेल्या.

झालं! दुसऱ्या दिवसापासून रांग. वजन वाढवायची वेळ आली की एकेक जण जिन्यावर येऊन बसणार. आमच्यात म्हणायची पद्धतच पडली, "थांब गं, गुडघ्यात बांगड्या भरून येते." पुढे पुढे काकीच अकरा वाजता जिना चढून वर येऊन बसायला लागल्या. खाली गिऱ्हाईक आलं तर खालून बांगडीचं माप ओरडायचं, "काकी, दोन-सहा!" आणि काकी वरून, "लाल की हिरव्या?"

त्यांनी जन्मात रॉडला हात लावला नव्हता. पण हात दाबून बांगडीचं माप सांगणाऱ्या त्या काकी पोटरी दाबून स्लीव्हचं माप सांगू लागल्या. आमचा कोच, त्याला सगळ्याजणी भिया म्हणतात, टेप घेऊन तक्ता बघत बसायचा. एकदा तो म्हणाला स्मॉल, काकी म्हणाल्या मीडियम. वाद रंगला. शेवटी निघालं असं की भियाने बिचाऱ्या मुलीला संकोच नको म्हणून टेप लांबून धरला होता, गुडघ्याला टेकवलाच नव्हता.

"मशीन झूठ नाही बोलत, काकी," तो म्हणाला.

"टेप मशीन असतो का रे? शिंप्याला विचार जाऊन."

त्यांचे नियमही ठरून गेले. हलक्या वजनाला स्लीव्ह घालायची नाही. झालं की लगेच खाली सरकवायची. "दिवसभर घालून काय मिरवता, सोन्याची आहे का? रक्त चालू दे." एकीनं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळत घातली, तर तिला असं झापलं की ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी काकींनी तिच्या घरी पोहे पाठवले.

माझं आणि त्यांचं एकाच गोष्टीवर वाजायचं. "लार्ज घे," त्या रोज म्हणायच्या. मी रोज नाही म्हणायची. घट्ट स्लीव्हमुळे दोन-तीन किलो जास्त उठतात, हे मी त्यांना किती वेळा समजावलं.

"नवऱ्या मुलीच्या आयासुद्धा असंच म्हणतात," काकी माझी पोटरी दाबत म्हणाल्या. "घट्ट भरा, शोभतात. मग हात सुजला की कापायला माझ्याचकडे. तू कुणाचा हात न धरता उठणार म्हणतेस, आणि पाय माझ्या मांडीत?"

मला राग आला. खरं सांगते, चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण स्लीव्ह मात्र त्यांच्याकडूनच चढवून घेतली, कारण दुसऱ्या कुणाला ती चढवताच येत नव्हती. मलाही नाही.

स्पर्धा इथेच, शहरातल्या एका हॉलमध्ये होती. काकी दुकान बंद ठेवून आल्या. चांगली साडी, पर्समध्ये सेव आणायची कोरी पन्नी घडी घालून. माझं वजन झालं, नाव लागलं. स्लीव्ह घालायची वेळ आली, मी खुर्चीवर बसले, काकींनी पन्नी काढली, आणि तपासणीला उभ्या असलेल्या मॅडम तिथूनच म्हणाल्या, "नहीं नहीं, माताजी! खुद पहनना है. कोई हाथ नहीं लगाएगा. पन्नी भी नहीं, पाउडर भी नहीं."

मी भियाकडे पाहिलं. भियाने छताकडे पाहिलं. नियमांचं पुस्तक त्यानं वाचलं होतं म्हणे. वजनाचं पान वाचलं होतं, कपड्यांचं वाचलं होतं, हे राहून गेलं.

वर्षभर आम्ही सगळ्याजणी काकींच्या मांडीवर पाय ठेवून तयारी केली होती, आणि इथे एकटीनं घालायची होती. मी मीडियम ओढायला लागले. वीस मिनिटं ओढली. बोटांची सालं निघाली. स्लीव्ह पोटरीवरच. नाव पुकारायला अर्धा तास राहिला होता. स्लीव्हशिवाय मी कधी सत्तरच्या वर गेले नव्हते. आता नव्वद हातचं गेलं, असं मनात म्हटलं.

काकी समोर चार हातांवर खुर्चीत होत्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून, अक्षरशः हातांवर बसल्या होत्या. मोकळे सोडले असते तर ते धावलेच असते माझ्याकडे.

"सांगा ना काकी, काय करू?"

"मला सांगता नाही येत गं! हाताला येतं, तोंडाला नाही येत."

मग त्या उठल्या. पिशवीतून लार्जची जोडी काढली. आमच्या बॅचमधल्या एकीकडून सकाळीच मागून आणली होती. मला न सांगता. ती माझ्याजवळच्या स्टुलावर ठेवली आणि झटकन मागे सरकल्या, माझ्या बोटाला बोट लागायला नको म्हणून. परत खुर्चीत बसल्या. स्वतःचा एक पाय खुर्चीच्या दांडीवर टेकवला आणि साडीवरूनच, नसलेली स्लीव्ह चढवायला लागल्या.

"हं, बघ. आधी अर्धी उलटी कर. अशी. पंजा लांब कर, नाचणारीसारखा. आता तळव्यानं. बोटांनी नाही, बोटं हरतात. आतून दाब, बाहेरून सरकव. आता बाहेरून दाब. श्वास सोड. सोड ना!"

त्या हवेत ओढत होत्या, मी रबर ओढत होते. त्यांच्या हातांवरून मी नजर काढली नाही. मॅडम कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. अडवायला कारणच नव्हतं, कुणी कुणाला हात लावत नव्हतं. एक चढली. मग दुसरी. मी उठून दोनदा बसून पाहिलं. काकींनी घाम पुसला. माझा नाही, स्वतःचा.

ऐंशी झालं. नव्वद पहिल्यांदा खालीच राहिलं, मागे उभ्या असलेल्या पोरांनी रॉड पकडला. पुन्हा नव्वद मागितलं. बसले. तळाशी एक क्षण सगळं थांबलं, मग मीच ओरडले आणि उठले. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला, एकानं लाल. दोन पुरतात. भिया वेड्यासारखा नाचला.

पुढच्याच वर्षी मल्हारगंजातला रस्ता रुंद झाला, काकींच्या दुकानाची पुढची बाजू गेली आणि उरलेल्या जागेत गादीसुद्धा मावेना. त्या देपालपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. फोन करते मी. मागे एकदा त्यांनी विचारलं, "आता आपापल्या घालता का गं सगळ्या?" मी म्हटलं, "हो, मापाच्या घेतल्या सगळ्यांनी." "सगळ्यांनी?" त्यांनी परत विचारलं. "चांगलं झालं," म्हणाल्या. मला वाटलं, खोटं बोलायला हवं होतं. नाही हो काकी, अडतंय आमचं, या परत, असं म्हणायला हवं होतं. त्यांची फार आठवण येते, हे तरी सांगायला हवं होतं.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. नव्वद झाल्यावर मी धापा टाकत आत आले, खुर्चीत कोसळले. काकी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आधी त्या मॅडमना शोधलं.

"उतारने में तो हाथ लगा सकते हैं ना, जी?"

मॅडम हसल्या. "हाँ हाँ, उतारिए."

काकी माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि स्लीव्ह हलकेच खाली सोलत आणली. पोटरीवर लाल वळ उठले होते, त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. मी तिथे सगळ्यांसमोर हमसून हमसून रडत होते आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती.

"आप इनकी कोच हैं?" मॅडमनी विचारलं.

"नहीं जी, मैं तो चूड़ीवाली हूँ," काकी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "दुसरा पाय दे."