खालच्या चौकीला उकडतंय

पाच-सहा माणसं रोज पहाटे एकाच पत्र्याखाली घाम गाळायला लागली, की वजनं उतरोत न उतरोत, किस्से मात्र साठत जातात. नव्वदच्या पुढच्या सालांत मी साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि सुभेदारांच्या व्यायामशाळेत जायचो. आजही आमच्यातले दोघं कुठं भेटले, की चहा गार होतो पण गोष्टी संपत नाहीत.

सुभेदार फौजेतून रिटायर झालेले. स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी घरामागं शेड टाकलं, चार डंबेल्स आणल्या, दोन बार ठोकले, एक आरसा लावला. नियम एकच : अंगात सुती बनियन आणि सुती हाफ पॅन्ट. बाकी सगळ्याला ते "शिनेमातले कपडे" म्हणायचे.

पहिलं बंड केलं बापूनं. बापू रहिमतपूरकडचा, घरचा ऊस, साताऱ्यात ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान. त्याच्या फौजी भावानं सुट्टीवर येताना नायलॉनचा चकचकीत ट्रॅकसूट आणला. जांभळा, बाजूनं पिवळी पट्टी! तो घालून बापू शेडात शिरला. पाऊल टाकलं की सर्र... सर्र...

सुभेदार डोळे मिटून प्राणायाम करत होते. डोळे न उघडताच म्हणाले,

"कोन हाय रं उसाच्या पाचटात?"

*

पण बापूचा सूट बघून सगळेच पाघळले. महिन्याभरात आम्ही झाडून सारे नायलॉन आणि पॉलिस्टरमध्ये. सुभेदार एकटे सुतीत.

अशातच थंडी पडली. बापूनं व्यायाम झाल्यावर जर्सी डोक्यातनं ओढून काढली, तर चट चट चट! केस ताठ उभे. तसाच त्यानं लोखंडी बारला हात लावला आणि ओरडत मागं उडाला.

"सुभेदार! बारमदी करंट आलाय!"

सुभेदार शांतपणे म्हणाले, "बापू, शेडात लाईट मिळावी म्हनून दोन वर्सं अर्ज करतोय. तुजी जर्सी हितंच ठिवून जा."

*

आता माझं ऐका. पोट सुटलं होतं. कुणीतरी सांगितलं, आतनं प्लॅस्टिक लावलेला सूट मिळतो, घालून पळलं की चरबी वितळून वाहते. मी आणला आणि एका रविवारी तो घालून अजिंक्यताऱ्याचा चढ चढलो. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढं काजवे. बाह्या झटकल्या की मनगटातनं पाण्याची धार!

खाली येऊन वजन केलं, दोन किलो कमी. आनंदाच्या भरात उसाच्या रसाचे तीन ग्लास प्यायलो. दुसऱ्या दिवशी वजन जागेवर, आणि मानेपासून मांडीपर्यंत लालभडक घामोळं.

डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या मूळच्या स्त्रियांच्या डॉक्टर, पण गल्लीतलं सगळं दुखणंखुपणं त्याच बघायच्या. त्यांनी पाठ बघितली, कपाळाला हात लावला.

"अहो भाऊसाहेब, तुम्ही चरबी नाही, पाणी गाळलंत. व्यायामशाळेत सगळे असलेच कपडे घालतात?"

"सगळे," मी म्हणालो. "सुभेदार सोडून."

"मग मला एकदा तिकडं यायलाच हवं."

*

त्या आल्या. रविवारी सकाळी आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसलो. बाई सांगायला लागल्या, की शरीरात ग्रंथी असतात, त्यातून हार्मोन निघतात. चार वाक्यांतच आमचे चेहरे कोरे पडले.

सुभेदार उठले. "बाई, जरा मी सांगू? हे बगा रं. वर हेडक्वार्टरातनं हुकूम सुटतो. त्यो रक्तातनं खालच्या चौकीवर पोचवनारा हवालदार म्हंजे हार्मोन. कळलं?"

"अगदी बरोबर," बाई हसत म्हणाल्या.

बापूनं हात वर केला. "मंग ह्या नायलानानं हवालदार बिघडतो म्हनता?"

"ते आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, बापू. हवालदाराचं मला ठाऊक नाही. पण घट्ट, कोंदट कपड्यात खालच्या चौकीला उकडतं, एवढं नक्की. आणि तिथलं काम गारव्यात चांगलं चालतं."

आधी कुणालाच उमगलं नाही. मग उमगलं तेव्हा जो हशा पिकला, की पत्रा हलला! हसला नाही तो एकटा विलास. सगळे पांगले तरी तो सतरंजीची घडी घालत तिथंच रेंगाळला.

*

विलास मूळचा कवठे महांकाळचा. साताऱ्याला कारखान्यात भट्टीवर कामाला. आमच्यात सगळ्यात देखणं शरीर त्याचं. पहाटे घट्ट नायलॉनची चड्डी आणि पॉलिस्टरची ट्रॅकपॅन्ट चढवायचा, त्याच कपड्यांत सायकल मारत कारखान्यात, दिवसभर भट्टीपुढं, आणि संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याची बायको सुनंदा याच डॉक्टरीणबाईंकडं जायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, उपास झाले. बाई दर वेळी म्हणायच्या, "एकदा मिस्टरांना आणा." तो जायचा नाही. "मी रोज शंभर बैठका मारतो, मला काय धाड भरलीय?"

त्या रविवारी तो घरी गेला आणि प्रथमच म्हणाला, "बगू, जाऊ कवातरी."

तेव्हा सुनंदानं काय म्हटलं, ते त्यानं स्वतःच मला सायकल ढकलत चालता चालता सांगितलं.

"सुया टोचून घ्यायला माज्या दंडावर जागा उरली न्हाई. आन् तुमच्यासारक्या पैलवानाला येक बाटली भरून द्यायला भ्या वाटतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. रिपोर्ट आला : शुक्रजंतू फार कमी.

"भट्टीची धग, वर घट्ट नायलॉन, आणि दिवसभर तोच ओला कपडा," बाई म्हणाल्या. "एवढंच कारण असेल असं मी म्हणणार नाही. पण हे बदलणं तुमच्या हातात आहे. सैल सुती वापरा. भट्टीवरून दुसरीकडं काम मागा. तीन-चार महिन्यांनी परत तपासू."

सांगताना विलास रस्त्याकडंच बघत होता. एवढा मोठा गडी, पण त्या दिवशी त्याला सायकलचा आधार होता.

*

मी कुणाला बोललो नाही. पण आठवड्यानं विलासच शेडाच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यापासनं लपवायचं काय? कमी माज्यात निगालं. ह्या चड्ड्यांचा नाद सोडा गड्यानू." एवढं बोलून तो जोर मारायला लागला.

कुणी हसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एकेक करून आत आलो, तर प्रत्येकाच्या अंगात नवीकोरी, पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची सुती अर्धी चड्डी! एकाच दुकानातली, एकाच ठाणातली! लेझीम पथक उभं राहावं तसे आम्ही आरशापुढं उभे. बापूला तीन पोरं होती, तरी तोसुद्धा!

सुभेदारांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली. "बापू, तुजी काय तक्रार हाय?"

"तक्रार न्हाई, सुभेदार," बापू म्हणाला. "पर हवालदारालाबी वाईच वारं लागू द्या की!"

*

पुढं विलासला भट्टीवरनं स्टोअरमध्ये काम मिळालं, आणि दीड-दोन वर्षांनी मुलगी झाली. चड्डीमुळं, भट्टी सुटल्यामुळं की आपसूकच, ते डॉक्टरीणबाईंनीही कधी सांगितलं नाही. पण मला आठवतो तो त्याआधीचा, रिपोर्ट आल्यानंतरचा पहिला रविवार.

विलासची आई गावाहून आली होती. सोबत तिचा भाऊ, म्हणजे विलासचा मामा. मामाच्या खिशात एका मुलीचा फोटो. विलासचं दुसरं लग्न लावायचं, असं ठरवूनच दोघं आलेले. ते येणार हे कळल्यावर विलासनं मला आणि सुभेदारांना बोलावून घेतलं. "नुसतं बसा," म्हणाला.

आम्ही बसलो. सुनंदा चहाची किटली घेऊन दाराशी उभी होती. तिच्यासमोरच मामानं फोटो आईच्या हातात दिला. पोरगी गुणाची, शेतात राबणारी, घरचे तयार आहेत, असं बरंच सांगितलं. सुनंदाची मान खाली.

विलासनं रिपोर्ट आईपुढं ठेवला. तिला वाचता येत नव्हतं.

"आई, दोष हिच्यात न्हाई. तपासनी झाली. कमी माज्यात हाय."

"काय बोलतोयस रं?" मामा उसळला. "येवढा पैलवान गडी तू!"

"व्हय मामा. माज्यातच."

आई कागदाकडं बघत राहिली. मग तिनं तो फोटो पदरानं पुसला आणि भावाच्या हातात परत दिला.

"दादा, पोरगी लय चांगली हाय. तिला चांगला नवरा बग."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी गेली आणि सुनंदाच्या हातातली किटली घेतली.

"बस गं तू. सा वर्सं झाली, हुबीच हायस."