चंद्रोदयाआधीचा प्रसाद

खरं सांगायचं तर मी काही फारसा भाविक माणूस नाही. हैदराबादला, नारायणगुड्यातल्या आमच्या घरात देवाधर्माचं सगळं बायकोकडे. मी बाजारातून फुलं आणायची आणि आरतीला मागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, एवढंच. संकष्टी तर तिची लग्नाआधीपासूनची. पुढे मधुमेह जडला, डॉक्टर ओरडले, तेव्हा तिने कशीबशी एक सवलत घेतली, ती म्हणजे दिवसा फळं खायची. बाकी चंद्र दिसून नैवेद्य होईपर्यंत काही नाही. आपल्याच माणसाचे असे हाल करून देवाला काय मिळतं, हा प्रश्न मला दर महिन्याला पडायचा आणि मी तो दर महिन्याला गिळायचो.

मागच्या वर्षी मुलाने आणि सुनेने आम्हाला ऑस्ट्रेलियाला बोलावलं आणि गाडीतून तिथला खेड्यापाड्यांचा मुलूख दाखवला. मैलोन्‌मैल गव्हाची रानं, मेंढ्या, आणि माणूस औषधालाही नाही. घरी पूजा करायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून बायकोचा पितळी गणपतीही आमच्यासोबत आला होता आणि गाडीत पुढच्या काचेपाशी मजेत बसून सगळं बघत होता. प्रवास संपत आला आणि नेमकी संकष्टी आली.

सकाळी तिने औषध घेतलं, केळी-संत्र्यांची पिशवी मांडीवर घेतली. पण वाटेत फळबागांचा भाग लागला. तिथे कीड पसरू नये म्हणून बाहेरची फळं आत नेऊ देत नाहीत. रस्त्याच्या कडेला मोठे डबे ठेवलेले असतात, त्यात टाकून पुढे जायचं. मुलाने नियमाप्रमाणे अख्खी पिशवी टाकली. "पुढच्या गावात घेऊ ना, आई," म्हणाला. पुढच्या गावात रविवारमुळे सगळी दुकानं बंद. मग मुक्कामी लवकर पोचावं म्हणून आम्ही कच्च्या रस्त्याला लागलो आणि तिथेच टायर फुटलं. चाकाचे नट काही केल्या ढिले होईनात. फोनला रेंज नाही. सूर्य उतरायला लागलेला.

मुलगा चाकाशी झटत असताना मी बायकोकडे पाहिलं. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. साखर उतरली होती. सुनेने गाडीतलं सगळं सामान उलटंपालटं केलं. निघाले खारे दाणे आणि बिनसाखरेची बिस्किटं! सासूच्या काळजीपोटी त्या पोरीने गाडीत गोड म्हणून काही ठेवलंच नव्हतं. निदान बिस्किट तरी खा म्हणून मी विनवलं, तर आमचं रत्न म्हणतं कसं, "नक्को म्हणले ना! चंद्र निघू द्या."

मला रडू फुटलं. चिडून मी त्या गणपतीलाच म्हणालो, "आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. ही मला हवी आहे. माझ्याच्याने आता काही होत नाही, तूच बघ."

थोड्या वेळाने धूळ उडवत एक जुनी गाडी आली. त्यातून टोपी आणि चिखलाचे बूट घातलेली एक म्हातारी बाई उतरली. तिच्या नवऱ्यालाही हाच आजार होता म्हणे. एका नजरेत तिला कळलं. तिच्याजवळ थर्मासमध्ये भरपूर साखरेचा चहा होता. तिने कप भरून पुढे केला. बायकोने ओठ घट्ट मिटून तोंड फिरवलं.

सुनेने त्या बाईला इंग्रजीत समजावलं की आज उपवास आहे, आधी देवाला दाखवल्याशिवाय आई काही घ्यायच्या नाहीत.

"देव कुठे आहे?" बाईने विचारलं.

सुनेने बोट दाखवलं. बाईने टोपी काढली, हात विजारीला पुसले आणि तो कप दोन्ही हातांनी गणपतीसमोर धरला. क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळून म्हणाली, "त्याने घेतला. आता उरलेला तिचा."

सुनेने ते मराठीत सांगितलं. बायकोने गणपतीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. आम्ही नीट ओळखू येत होतो की नाही, देव जाणे. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे तिला त्याही अवस्थेत ठाऊक होतं. डाव्या हातावर उजवा हात ठेवून तिने ओंजळ पुढे केली. मी कप तिच्या ओठांना लावला. पहिला कप संपला, दुसराही संपला. हळूहळू हात थांबले, नजर स्थिर झाली आणि ती म्हणाली, "अहो, चहा लईच पानचट आहे हो." मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पान्याच्या दांड्याला बाईच्या गाडीतला लांब पाइप लावून मुलाने आणि मी जोर केला, तेव्हा नट सुटले. तिचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

ती रोजच त्या वाटेने घरी जात असेल, मी त्यावर वाद घालणार नाही. पण ज्या घरात रोज नैवेद्य दाखवला जातो, त्या घरातल्या आम्हा तिघांपैकी एकालाही जे सुचलं नाही, ते त्या परक्या बाईला कसं सुचलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिच्या उपकाराचं ओझं मात्र मला उतरवायचंच नाही.

मुक्कामी पोचल्यावर चंद्र वर आला. बायकोने अर्घ्य दिलं. मी भीत भीत विचारलं, "उपवास मोडल्याची रुखरुख लागली का गं?"

"मोडला कुठं?" ती म्हणाली. "मी धरून बसले होते, त्यानं सोडवला."

मग ती आत गेली. मी तिथेच उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, हात जोडले. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.