फ्यूजच्या जागी पिळलेल्या तारा

माझी मोठी बहीण सायखेड्याला दिलेली. दर उन्हाळ्यात शेवयांचं यंत्र हाताने फिरवून तिचा खांदा धरायला लागला, म्हणून मी त्याला मोटर बसवून द्यायचं ठरवलं. नोकरी सिन्नरच्या एका कारखान्यात कारकुनाची, पण सुटीच्या दिवशी वायरी आणि मोटर्स जोडत बसायचा मला नाद. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली आणि ती बारा व्होल्टच्या जुन्या बॅटरीवर जोडली.

चालू करताना फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. तिसरा जवळ नव्हता आणि ताई पीठ मळून बसली होती. वायर बारीक होती, जास्त करंट गेला तर ती तापेल, हे मला दिसत होतं. तरी मी तांब्याच्या चार तारा पिळून फ्यूजच्या जागी बसवल्या. मोटर फिरली. "बारा व्होल्टनं काही होत नाही," मी ताईला सांगितलं.

आठवड्याने दाजींचा फोन आला. घट्ट पीठ अडकून मोटर जागीच थांबली, वायर तापून वितळायला लागली आणि ताईने ती हाताने ओढून काढली. तळहात भाजला.

मी पोचलो आणि तिच्या हाताआधी वायर बघितली. दाजींनी विचारलं, "कशानं झालं हे?"

"ओल्या हाताने धरली असेल," मी म्हणालो. ओल्या हाताचा यात काही संबंध नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

ताई म्हणाली, "माझंच चुकलं असंल. मला कुठं कळतं त्यातलं."

पंधरा दिवसांनी जाड वायर, मोटरला साजेसा फ्यूज आणि हाताशी येईल असं बटण घेऊन गेलो. फ्यूज बॅटरीला लागूनच बसवला. हे सगळं पहिल्याच दिवशी करता आलं असतं. काम करता करता मी ताईला खरं सांगून टाकलं.

 ती म्हणाली, "तवाच सांगायचं ना. हे मला आठ दिवस बोलत व्हते, येंधळी हाय म्हणून."

मी मळ्यात जाऊन दाजींनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते पुन्हा पिकाला पाणी द्यायला लागले.

मोटर आता नीट चालते. बटण दाबताना ताई मात्र हाताला फडकं गुंडाळते. गरज नाही, असं तिला सांगायला माझं तोंड उघडत नाही.