शेवटचं चांगलं कधी पाह्यलं?

आमच्या टेलिमेडिसिनच्या खोलीतले किस्से कोणी लिहून ठेवत नाही. पण डबे उघडले का एक सिस्टर सुरू होते, मंग दुसरी, अन् भाजी थंडी होऊन जाते. आता तुम्ही विचारलंच तं ऐका!

आमच्या बालाघाटच्या दवाखान्यात मेंदूचा डॉक्टर नाही. एक मोठा टीव्ही आहे, त्यात दूरच्या शहरातले डॉक्टर येतात. लकव्याचा पेशंट आला का त्यायचा पहिला सवाल एकच, "शेवटचं चांगलं कधी पाह्यलं?" तिथून साडेचार तासांत आला, तं मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवाचं इंजेक्शन. उशीर झाला, तं राम राम.

रामपायलीचे एक बुवा आले. पोरगा म्हणे, "आत्ताच झालं सिस्टर!" टीव्हीतले डॉक्टर ओरडले, "हाथ पे खून कैसा? चोट है?" मी म्हटलं, "चोट नहीं सर, कबूतर है!" लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात आमच्याकडे. खोदून विचारलं, तं 'आत्ताच' म्हणजे परवा निघालं! कबूतर शोधण्यातच दोन दिवस गेलते.

किरनापुरची आजी मात्र टायमात आली. बोली शाबूत आहे का पाहाले डॉक्टर चित्रं दाखवतात. एका चित्रात दोन झाडांच्या मधात बांधलेला कापडाचा पाळणा. आजी म्हणे, "झोळी. पण हिच्यातलं लेकरू कुठं गेलं?" डॉक्टर म्हणे, "सिस्टर, पेशंट कुछ भी बोल रही है." आजी माह्याकडे वळली, "याले झोळी समजत नाही, अन् हा माह्या डोक्याचा डॉक्टर?" हसू आलं अन् संतापही आला. आजीचे बोलीचे मार्क त्यानं कापलेच.

मलाजखंडच्या खाणीतला एक माणूस घरच्यायनं गाडी पळवत आणला. डॉक्टरनं 'इंजेक्शन दो' सांगाले तोंड उघडलं अन् नेट गेलं! स्क्रीनवर डॉक्टरचा चेहरा तसाच अडकला, एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं. पेशंटची बायको घाबरून म्हणे, "सिस्टर, पहिले यायलेच द्या इंजेक्शन!" नेट आलं तवा साडेचार तास होऊन गेलते. तो माणूस अजूनही डाव्या हातानं जेवते.

सगळ्यात वाईट झोपेत लकवा झालेले. सकाळी उठल्यावर दिसलं, तरी तास झोपल्यापासून मोजायचे. एका सुनेनं सासूसाठी थाप मारली, "सकाळी सातले चांगल्या होत्या." मी तिले अशी झापली! "खोट्या टायमावर इंजेक्शन दिलं तं डोक्यात रक्त फुटते, बाई! मरते माणूस!" ती रडत रडत खरं बोलली, अन् सासूले इंजेक्शन भेटलं नाही. जाताना म्हणे, "तुमच्या घरचं असतं तं, सिस्टर?"

"तरी खरंच सांगतलं असतं!" लय ऐटीत म्हटलं मी.

यंदाची गोष्ट. सकाळी ड्युटीचा ड्रेस घालून मी आमच्या यायले चहासाठी उठवाले गेली. नवऱ्याचं तोंड वाकडं, उजवा हात लोंबते. अर्ध्या तासात त्यायले टीव्हीसमोर आणलं. बटण मीच दाबलं.

"सिस्टर, लास्ट नॉर्मल कब देखा?"

'सुबह छह बजे' जिभेवर आलतं. त्यायनं डाव्या हातानं माहा हात धरून ठेवलता.

मी म्हटलं, "रात को साढे नौ, सर. सोने से पहले."

डॉक्टर खूश झाले. "व्हेरी गुड! बालाघाट से पहली बार इतनी साफ हिस्टरी मिली. इंजेक्शन नहीं दे सकते. रिलेटिव को समझा दीजिए, सिस्टर."