पडद्यापलीकडची मांडी

जेवण करून मी ओट्यावर आडवा होतो. तोंडावर माशी बसते. हाकलायला जातो, तर हात उचलतच नाही. समोरच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन धकधकतंय. ऐकता ऐकता ते सिनेमाच्या तंबूतल्या इंजिनासारखं वाजायला लागतं, आणि मी तंबूत जमिनीवर बसलेला आहे.

आमच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडदा मधोमध. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. त्यांना चित्र उलटं दिसायचं. लहान लेकरं आईपाशी. आमची लेक तानी मात्र अर्ध्या सिनेमात पडद्याखालून सरपटत माझ्याकडे यायची. मुठीत शेंगा. दातानं फोडून मला द्यायची. सहा वर्षांची असताना ती तापानं गेली. माझी बायको हौसा गेली ती गेल्या दिवाळीनंतर.

आता तंबूत ऊन पडलंय, तरी चित्र दिसतंय. एक नवरा-बायको जेवायला बसलेत. मधे तिसरं ताट आहे. त्यातली भाकरी आपोआप कमी होते. बायको वाढत राहते. नवरा भिंतीकडे तोंड करून बसलाय. त्याच्या अंगात माझा सदरा आहे.

माझ्या बाजूला कुणीच नाही. पलीकडे हसणं चाललंय. त्यात एक हसू बारीक आहे.

"हौसे," मी पडद्याला तोंड लावून विचारतो, "तानी हाय का तिथं?"

"हाय की. मांडीवर बसलीया."

मी पडद्याला कान लावतो.

"जड झाली आसंल."

"तर! पायाला मुंग्या आल्यात माझ्या." हे ती मिरवून सांगते.

"काल-परवा गेलीस आन् लगीच मांडीवर घेतलीस? मी हितं किती वरसं वाट बघतुया!"

"लेकरू आईपाशीच बसतंय. ठाव न्हाई का तुमास्नी?"

"माझं नाव काढती का?"

"शिनेमा बघतीया ती. गप बसा की वाईच."

"धाड की तिला इकडं. थोडा वेळ."

"न्हाई."

"सगळी तुलाच पायजे व्हय?"

पडदा आता आमच्या घराची भिंत झालाय, पोपडे आलेली. खाली फट पडते. फटीतून एक इवलीशी मूठ बाहेर येते. मी मनगट धरतो आणि ओढतो. कोपर येतं. भिंतीवर चित्र चालूच आहे. तो नवरा तिसरं ताट आपल्याकडे ओढतोय आणि ताट कण्हतंय.

"अवं, सोडा!" हौसा ओरडते. "तिकडं आली की ताप चढतोय तिला!"

"खोटं बोलतीस. द्यायची न्हाई म्हणून."

"हात बघा की तिचा!"

हात तव्यासारखा तापत चाललाय. हौसाचं खरं आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी माझी बोटं एकेक करून सोडवतो. मूठ उघडते, माझ्या तळहातावर काहीतरी ठेवते, आत जाते.

"जा, आईकडं जा," मी म्हणतो.

पलीकडे खुदकन हसू येतं. बसली असणार परत मांडीवर.

गिरणी बंद पडते आणि मला जाग येते. दात पडल्यापासून मी घरात शेंगा आणत नाही. पण मुठीत एक शेंग आहे. टरफलावर बारीक दातांची खूण, थुंकीनं ओली. दोन दाण्यांची जागा आहे, आत एकच दाणा.

दुसरा हौसाला दिला असणार.