मारोतरावांना वाचून दाखवलेलं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. सांगायला लागलो की मधेच दुसरीकडे वळतो — टाक कसा धरायचा, शाईत पाणी किती घालायचं, असलं काहीतरी सांगत बसतो. तेही थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. पण आज शेवटपर्यंत जायचंच, असं ठरवून बसलो आहे.

अठ्ठ्याहत्तर साली मी भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या पुढच्या एका गावात, ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, पण गावाला मी डाक्टरच. वय एकतीस. दवाखान्यात आम्ही दोघंच — मी आणि शिपाई मारोतराव. पन्नाशीचे, आडव्या हाडाचे, जाड मिशी, खांद्यावर कायम दुपट्टा. कितीही मस्तवाल बैल असो, त्याच्या शिंगाला हात घालून, कानाशी तोंड नेऊन ते त्याच्याशी काहीबाही बोलायचे आणि बैल उभा राहायचा.

मारोतराव तोतरे होते. माणसाशी बोलताना पहिलं अक्षर जिभेवर अडायचं, मान आखडायची, डोळे मिटायचे. ढोराशी बोलताना मात्र एक शब्द अडत नसे. त्यांचं ते अडखळणं मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं आहे, ते पुरे.

शाळेत मी चित्रं काढायचो. मॅट्रिकनंतर सुटलं. कुणी सोडायला लावलं असं नाही, नुसतं सुटलं. मग त्या वर्षी खुरीच्या, म्हणजे ढोरांच्या तोंडाखुरांच्या रोगाच्या, साथीत गावकऱ्यांची सभा होती आणि भंडाऱ्याहून यायचा चित्रांचा तक्ता आलाच नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मीच बैल काढला. बारा-तेरा वर्षांनी. सभा झाली, लोक गेले. मारोतराव त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले.

"बैल हाये," ते म्हणाले. "पण थो उभा नाही राहून राहिला, साहेब. मागच्या पायावर वजनच नाही त्याचं."

मी पाहिलं. खरंच होतं.

त्या दिवसापासून मी पुन्हा काढायला लागलो. रोज. दवाखाना उघडायच्या आधी तासभर, दुपारी ढोरं नसली की पुन्हा. जुन्या रजिस्टरांची कोरी पानं, भंडाऱ्याहून आणलेला टाक, काळी शाई. सहा महिने फक्त पाय काढले — बैलाचे, शेळीचे, माणसाचे. चांगलं आलं नाही की फाडायचो नाही, मागे तारीख घालून ठेवायचो. या वयात कुणी शिकवणार नव्हतं, मग आपणच आपल्याला सोडायचं नाही, एवढाच नेम.

चित्रकथांचा नाद लागला तो भंडाऱ्याच्या एका रद्दीवाल्याकडून. जुन्या मासिकांचा गठ्ठा मिळाला. त्यातली पानं समोर ठेवून मी चौकटी मोजायचो. नजर कुठून कुठे जाते? दोन चौकटींमधे काय काढलेलं नाही, तरी कळतं? मग स्वतःची पानं काढायला लागलो. बोलणं लिहायचे फुगे आधी कोरे ठेवायचे आणि पान मारोतरावांपुढे धरायचं. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून तर! नुसती चित्रं पाहून त्यांनी गोष्ट सांगितली तर पान जमलं. नाहीतर पुन्हा.

"हा मानूस आत्ता इकडून येऊन रायला होता, आता तिकडून काहून आला?" असं ते विचारायचे. आणि मी पूर्ण पान पुन्हा काढायचो. लोक म्हणतात गुरू मिळाला नाही. मला मिळाला होता. तो माझ्यासाठी तासन् तास पोजसुद्धा द्यायचा — बैल धरून, सायकल धरून, भर उन्हात.

कळलं ना, कोणाबद्दल सांगतो आहे ते?

नागपूरच्या एका साप्ताहिकाला मी पानं पाठवायला लागलो. तीन वेळा परत आली. तिसऱ्यांदा संपादकांनी चिठ्ठी जोडली होती — चित्रं सफाईदार आहेत, पण हसू येत नाही. मी ती चिठ्ठी कितीदा वाचली असेल! हसू आणायचंच, असं ठरवलं. माझ्या त्या जिद्दीचं लोक अजून कौतुक करतात. करू नका.

चौथं पान असं होतं. बैल. त्याच्या मागे सुई घेतलेला डाक्टर. पुढे बैलाला धरलेला शिपाई. बैल पाय उचलतो, शिपाई डाक्टरला सावध करायला तोंड उघडतो. पाचव्या चौकटीत डाक्टर शेणात. सहाव्यात दोघं समोरासमोर. चित्रं मारोतरावांनी आधी पाहिली होती, पोटभर हसले होते. पाहणाऱ्याला शेणात पडलेला डाक्टरच दिसणार ना? फुगे मी नंतर भरले. शिपायाचे चार फुगे मी एकाच अक्षरानं भरले. चार चौकटी तो त्या अक्षरावर अडलेला, आणि शब्द सुटतो तो डाक्टर पडल्यावर. शेवटी डाक्टर म्हणतो — पुढच्या खेपेस पोस्टाचं कार्ड टाक, लवकर पोचेल.

शिपायाचं नाव मी बदललं होतं. मिशी, दुपट्टा, बोलताना मिटलेले डोळे — ते नाही बदलले. ते इतके छान जमले होते!

पान छापून आलं. अंक टपालानं आला तेव्हा मारोतराव समोरच होते. त्यांनी हात धोतराला पुसले आणि अंक घेतला. स्वतःचा चेहरा ओळखला. मग माझ्यापुढे धरला.

"वाचून दाखवा ना, साहेब. मी काय म्हनून रायलो यात?"

मी वाचलं. बोट ठेवून, फुग्यामागून फुगा. शिपाई म्हणतो, साहेब, बाजूला व्हा. डाक्टर म्हणतो, मला शिकवू नको. शिपाई पुन्हा सांगतो, डाक्टर पुन्हा ऐकत नाही. शेवटी डाक्टर शेणातून उठून म्हणतो — मारोतराव, तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

सगळं तिथल्या तिथे रचलं. जीभ एकदाही अडखळली नाही माझी. आणि खरं सांगू? ती गोष्ट छापलेल्या गोष्टीपेक्षा चांगली होती.

त्यांनी तो अंक मागून घेतला. घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि पुढचे दहा-बारा दिवस गावभर दाखवत फिरले. पानटपरीवर, सोसायटीत, बाजाराच्या दिवशी पवनीलाही. ज्यांना वाचता येत होतं ते वाचायचे आणि हसायचे. मारोतरावही त्यांच्याबरोबर हसायचे — डाक्टर शेणात पडला म्हणून. मी हे दुरून पाहिलं आहे. एकदा नाही. अंक परत मागता आला असता. मागितला नाही.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून आठवी शिकलेली. कौतुकानं सासऱ्यांनी तिला अंक दिला, वाच म्हणाले. ती पहिले दोन फुगे वाचून थांबली, आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. हे मला त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, औषधांच्या कपाटाजवळ उभं राहून. बोलायला त्यांना फार वेळ लागला. मी थांबलो. मग त्यांनी विचारलं, "तसं लिवलं हाये का त्यात?"

आता तरी खरं सांगायचं! — तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. दवाखान्यात तिसरं कुणी नव्हतं. ढोरही नव्हतं.

मी म्हणालो, "मी तसं लिहिलंच नव्हतं, मारोतराव. छापणाऱ्यानं शब्द बदलले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी खरं ते वाचून दाखवलं."

मग त्यांचा चेहरा सैल झाला. तो चेहरा मी कितीदा काढायचा प्रयत्न केला आहे, येत नाही.

"मंग बराबर," ते म्हणाले. "तुमी कायले लिवाल तसं?"

त्यांनी मला संपादकाला पत्र लिहायला लावलं. गरिबाची अशी थट्टा करू नये, असं. त्यांच्यासमोर लिहिलं, पाकिटात घातलं, आणि पवनीच्या स्टँडवर फाडून टाकलं. संपादकांना तो शिपाई पुन्हा हवा होता. तो मी दिला नाही, पण दुसरी पानं देत राहिलो. आणि ती सगळी, पुढची चार वर्षं, छापायला जाण्याआधी मारोतरावांनी पाहिली. हा पाय चुकला, हा मानूस कुठून आला — तसंच, आधीसारखं. गावातली पोरंटोरं त्यांना त्या अक्षरानं हाक मारायची. ते थांबून प्रत्येकाला सांगायचे, पेपरवाल्यानं बदललं ते.

चौऱ्याऐंशीत माझी वरठीकडे बदली झाली. दवाखान्याच्या अंगणात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सरपंच बोलले, मास्तर बोलले. मग मारोतराव उठले. चारचौघांत बोलायला ते कधी उठत नसत. लोकांत हसू पसरलं, मास्तरांनी हात वर करून थांबवलं. पहिलं अक्षर अडलं. मान आखडली. ते खाली बसले नाहीत. एकेक शब्द ओढून काढत, घामाघूम होत, त्यांनी पूर्ण सांगितलं — त्या पेपरात माझी थट्टा झाली, ते आमच्या साहेबांनी केलं नाही. साहेबांनी मला नेहमी मानानं वागवलं. गावानं साहेबांवर डाग ठेवू नये.

त्यांच्या अख्ख्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असेल. आणि ते माझ्यासाठी होतं.

मग आभार मानायला मी उठलो. गळ्यात हार होता. समोर सारा गाव, त्यात डोक्यावर पदर घेतलेली ती सून. मी म्हणालो, "मारोतराव म्हणाले ते अगदी खरं आहे."

टाळ्या झाल्या. मारोतरावांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. गेल्या वर्षी ते वारले. तोवर त्यांना मी काही सांगितलं नाही.

ते चार फुगे मीच भरले होते. कार्ड टाक, हेही माझंच. छापणाऱ्यानं एक काना-मात्रा बदलली नव्हती.