फ्रीजरमध्ये न मावलेला कुरव

माझी धाकटी मेलेल्या प्राण्यांची डागडुजी करते. संग्रहालयाच्या तळघरात, पेंढा भरलेल्या प्राण्यांमध्ये, एकटीच. चौतिशी उलटली. "तिथे बोलायला कोण असतं गं?" असं विचारलं की म्हणते, "आई, सगळे ऐकून घेणारेच आहेत."

गेल्या महिन्यात एकाच कपाटातल्या दोघांना कसर लागली. एक लोकरी लेमूर: माकडाचा लांबचा भाऊबंद, मऊ दाट केसांचा, जंगलाबरोबर संपत चाललेला. दुसरा कुरव, कुठल्याही बंदरावर कलकलाट करणारा समुद्रपक्षी. कसरीच्या अळ्या मारायच्या तर वस्तू पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवावी लागते आणि फ्रीजरमध्ये मावणार होता एकच.

"यात विचार कसला?" तिचे साहेब म्हणाले. "लेमूर आत. कुरव काय, बाहेर पैशाला पासरी आहेत. शनिवारी पांढऱ्या कागदावर झटकून बघू. अळी दिसली तर जाळून टाका, नाहीतर कसर सगळ्या कपाटांत पसरेल."

तिलाही ते पटत होतं, हीच पंचाईत. लेमूर गेला तर दुसरा आणायचा कुठून? पण कुरव ही तिने इथे दुरुस्त केलेली पहिली वस्तू.

"लेमूर दिवसभर घरच्यांना बिलगून झोपतो," ती मला म्हणाली. "कुरव थव्यात असतो खरा, पण शेजारी जरा जवळ सरकला की चोच मारतो. गर्दीतला एकटा."

तिच्या घरात एकच खुर्ची आहे.

"घरच्या फ्रीजमध्ये ठेव की त्याला."

"पंख पसरलेत गं त्याचे! मटारची पिशवी आहे का ती?"

मग रोज काम संपल्यावर ती चिमटा आणि भिंग घेऊन बसायची, एकेक पीस उचलून अळ्या वेचायची. जेवणाचा पत्ता नाही. मी फोन करकरून तिचं डोकं खाल्लं.

शनिवारी साहेबांनी कुरव उलटा धरून तीनदा झटकला. कागदावर फक्त धूळ पडली. "ठीक आहे, राहू दे," म्हणत त्यांनी सही केली आणि ते निघून गेले. तळघरात सांगायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने मला फोन लावला.

"आई, राहिला गं."

"शहाणी माझी ती. जेवलीस?"

"जेवते आता."

तिने फोन टेबलावर ठेवला, बंद मात्र केला नाही. डबा उघडल्याचा आवाज आला, मग चमच्याचा. तिचं जेवण होईपर्यंत मी फोन कानाला लावून बसले.